शौक ते हुनर : मुलांच्या छंदाला धंद्याची जोड द्या

मुलगा जुना रेडिओ किंवा बिघडलेला मोबाइल उघडून बसला की घरातली वडीलमंडळी म्हणतात, "हे धंदे सोड, कामाला लाग." खुशखत लिहिणाऱ्या मुलालाही हेच ऐकावे लागते. शौक म्हणजे वेळेची नासाडी, असा आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांत सर्रास समज आहे. हा समज आता महाग पडणार आहे. साधा लूम पान्याच्या आणि जॉबरच्या कानाच्या जोरावर चालतो. रॅपियर आणि एअरजेट लूमवर मात्र सेन्सर, कंट्रोल कार्ड आणि कॉम्प्युटरवरचा नक्शा असतो. ते सांभाळणारा माणूस आपल्या घरात तयार झाला नाही, तर तो बाहेरून आणावा लागेल आणि आपला मुलगा त्याच्या हाताखाली राबेल.

म्हणून शौकाचे हुनर कसे होते, ते नीट समजून घेऊ या.

१) जॅकार्डचा धडा

फ्रान्समध्ये वोकांसों नावाचा कारागीर होऊन गेला. त्याला लहानपणापासून घड्याळे आणि यंत्रे यांचा नाद होता. पुढे त्याने बासरी वाजवणारा यांत्रिक पुतळा आणि पंख हलवणारे बदक बनवले. लोक ते पाहायला गर्दी करीत. 1741 मध्ये सरकारने त्याला रेशीम उद्योगाचा निरीक्षक नेमले. पुतळ्याचे हात हलवणारी अक्कल त्याने मागाला लावली आणि 1745 च्या सुमारास आपोआप नक्शा विणणारा माग तयार केला. पण तो माग बाजारात चालला नाही. त्यातला नक्शा एका लाटेवर बसवलेला होता. लाटेचा घेर जेवढा, तेवढाच नक्शा.

पुढे जॅकार्डने तो माग पाहिला. तो लिऑनच्या विणकराचा मुलगा, मागाजवळच वाढलेला. कारागिराला काय हवे, हे तो जाणून होता. त्याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावली. नक्शा हवा तेवढा लांब करा, पुठ्ठे वाढवत जा. 1804 चे ते जॅकार्ड यंत्र आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते.

यातून घ्यायचा बोध असा, की शौकाने यंत्र जन्माला घातले, पण धंद्याच्या माहितीने ते कामाला लावले. ही दुसरी अर्धी दौलत विणकराच्या आणि कपडा व्यापाऱ्याच्या मुलाजवळ घरातच असते. कपडा हातात घेतला की सूत कोणते आणि पोत कसा, हे त्याला कळते. पहिली अर्धी दौलत म्हणजे शौक. तोच आपण रागावून बंद करतो.

२) खुशखत आणि नक्शा

खुशखत शिकणारा मुलगा अक्षर नजरेने नव्हे, मापाने लिहितो. कलमाच्या टोकाने उमटलेला एक ठिपका म्हणजे एक कत. नस्तालीकमधला अलिफ साधारण तीन कतांचा. प्रत्येक हरफाचे असे माप ठरलेले असते.

कापडाच्या नक्शात हेच माप लागते. ग्राफच्या कागदावरचे एक घर म्हणजे ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा. समजा, इंचात ताण्याचे 72 आणि बाण्याचे 48 धागे आहेत. चौकोनी घरांच्या ग्राफवर 72 घरे रुंद आणि 72 घरे उंच असा गोल काढला, तर कापडावर तो एक इंच रुंद आणि दीड इंच उंच येईल. गोलाचे अंडे होईल. खरा गोल हवा तर उंची 48 घरांत बसवावी लागते. 1983 मध्ये इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले, पुठ्ठ्यांची जागा कॉम्प्युटरने घेतली, पण हा हिशेब बदलला नाही. कॉम्प्युटरची बटणे काही महिन्यांत शिकता येतात. मापात बसलेल्या नजरेला मात्र वर्षे लागतात, आणि खुशखतवाल्या मुलाने ती आधीच दिलेली असतात.

३) रेडिओ, मोबाइल आणि बिघाड शोधणे

रेडिओ दुरुस्त करणारा मुलगा एक शिस्त शिकतो. आधी वीज येते का ते पाहा, मग तारा आणि जोड, शेवटी सुटे भाग. एका वेळी एकच गोष्ट बदला. बाणा तुटलेला नसताना लूम वारंवार थांबत असेल, तर हीच शिस्त उपयोगी पडते. आधी सेन्सरवरचा कचरा पुसा, मग तार तपासा, मगच कार्डाला हात लावा. ज्याला ही सवय नाही, तो आधी कार्ड बदलतो. पैसे जातात आणि लूम बंदच राहतो.

४) मालेगावचा दाखला

लांब जायला नको. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांना सिनेमाचा शौक होता. एडिटिंग ते व्हीसीआरवर स्वतःच शिकले. 2000 मध्ये 'मालेगाव के शोले' तयार झाला. गावातल्याच पोरांनी कामे केली. क्रेन नव्हती तर बैलगाडी वापरली, कॅमेरा सरकवायला सायकल घेतली. त्यांच्यावर पुढे माहितीपट निघाला आणि 2025 मध्ये हिंदी चित्रपटही आला. कमी साधनांत काम निभावून नेणे, हीच तर कारखान्यातली खरी इंजिनिअरी आहे.

५) शौक कामाचा की फुकटचा?

सगळेच शौक हुनर होत नाहीत. मोबाइलवर तासन्‌तास खेळणे आणि मोबाइल उघडून जोडणे, यांत फरक आहे. पारख करण्यासाठी तीन प्रश्न विचारा.

पहिला, त्यात माप आहे का? मुलगा मोजतो, की अंदाजाने चालवतो?

दुसरा, त्याची वही आहे का? तारीख, बिघाड, कारण आणि उपाय, एवढे चार रकाने पुरेत. शंभर नोंदी झाल्या की ती वही कोणत्याही कारखान्यात दाखवण्यासारखी होते.

तिसरा, काम दुसऱ्याच्या उपयोगी पडते का? शेजाऱ्याचा पंखा ठरल्या दिवशी दुरुस्त करून दिला, तर मुलगा वायद्याची किंमत शिकतो.

तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर मुलाला थोडी जागा आणि एक साधा मल्टिमीटर द्या. शाळा मात्र सोडू देऊ नका. शौक हा शिक्षणाचा पर्याय नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स करू द्या, म्हणजे हाताला आलेल्या कामामागचे कारणही त्याला कळेल. मुली घरी भरतकाम करतात, नक्शे काढतात, त्यांनाही हाच न्याय लावा. कॉम्प्युटरवर डिझाइनचे काम घरी बसूनही होते आणि त्याचा मोबदला रोख मिळतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने हौस म्हणून एक कॉम्प्युटर प्रणाली लिहायला घेतली. ती लिनक्स. आज आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन तिच्याच गाभ्यावर चालतो. तेव्हा मुलाला "हे काय चालवलंय?" असे दरडावण्याऐवजी त्याच्याजवळ बसा आणि "हे कसं चालतं, मला सांग," असे विचारा. त्याने नीट समजावून सांगितले, तर हुनराची सुरुवात झाली असे समजा.