पंडिता रमाबाई : भाकरीबरोबर हाताला काम

'गोरगरिबांसाठी झटणाऱ्या स्त्रिया' हा विषय आला की मुलं सावित्रीबाई आणि मदर तेरेसा यांच्यावर चार-चार ओळी लिहून मोकळी होतात. या वर्षी पंडिता रमाबाईंना घ्या. त्यांचं केडगाव आपल्यापासून फार दूर नाही. कासारवाडीहून लोकलने पुणे, तिथून दौंडची गाडी.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं, आणि आईने रमाला. पुढे मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी तिची विद्वत्ता पाहून तिला 'पंडिता' म्हटलं. म्हणजे भूक हा त्यांच्यासाठी पुस्तकातला विषय नव्हता, हे मुलांना आधी कळू द्या.

1889 मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 पर्यंत तिथे सुमारे दीड हजार जणी होत्या! एवढ्या जणींना नुसतं जेवू घालणं हेच केवढं काम. पण तिथे विणकाम, शिवण, शेती, छापखाना हे सगळं मुलीच सांभाळायच्या. अंध मुलींनाही वाचायला शिकवलं जाई.

एक गोष्ट आपण वर्गात हळूच गाळतो. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे सदनातल्या मुलींच्या धर्मावरून 'केसरी'ने कडक टीका केली. 1893 मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. माझ्या मते सातवीच्या पुढच्या मुलांना हे सरळ सांगावं. दोन्ही बाजू मांडाव्यात आणि त्यांना वाद घालू द्यावा. पालकांनी विचारलं तर त्यांनाही तेच सांगा.

आपल्या भागात कितीतरी घरं मराठवाड्यातून, विदर्भातून कामासाठी आलेली. गृहपाठ म्हणून मुलांना एवढंच द्या: आजीला किंवा आजोबांना 1972 च्या दुष्काळाबद्दल विचारा. तेव्हा घरात काय शिजायचं, रोजगार हमीच्या कामावर कोण गेलं होतं, गाव कुणी सोडलं. दहा ओळी पुरेत, आजीच्याच बोलीत लिहिल्या तरी चालतील.