प्रमुखपद पाळीपाळीने का?

निपाणीजवळच्या एका शेतात ओलावा मोजणारे शंभर बिनतारी सेन्सर बसवले आहेत, असे समजा. प्रत्येकाजवळ एकच छोटी बॅटरी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की संदेश पाठवण्यास ऊर्जा चौपट लागते. म्हणून शेजाऱ्यांचे गट करतात; गटप्रमुख सर्वांची माहिती एकत्र करून दूरच्या केंद्राकडे पाठवतो. मात्र प्रमुख कायम एकच राहिला तर त्याची बॅटरी आधी संपते आणि सारा गट मुका होतो. २००० साली अमेरिकेतील एमआयटीत हाइन्झेलमन, चंद्रकासन व बालकृष्णन यांनी मांडलेल्या ‘लीच’ पद्धतीत प्रमुखपद फिरते ठेवले. आम्ही वर्गात मॉनिटर पाळीपाळीने नेमतो, त्यामागेही हाच हिशेब आहे.

गृहपाठ : अंतर तिप्पट झाल्यास ऊर्जा किती पट लागेल? उत्तर पालकांना समजावून सांगा.