ध्वनी आणि भिंती

प्रस्तावना

लखनौ हे नाव मराठी संगीतरसिकांना पं. विष्णू नारायण भातखंडे यांच्यामुळे परिचित आहे. त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली तेथे संगीत महाविद्यालय सुरू झाले. स्वर कसा लावावा हे संगीताचे शिक्षण सांगते. परंतु लागलेला स्वर श्रोत्याच्या कानी कसा पडेल, हे तो ज्या वास्तूत उमटतो तिच्यावरही अवलंबून असते. या गोष्टीचा एक भव्य दाखला लखनौच्या जुन्या चौक भागालगत उभा आहे. त्या वास्तूपासून आरंभ करून आपल्या घरातील लहान खोलीत ध्वनिक्षेपक, म्हणजेच स्पीकर, कोठे व का ठेवावेत, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• ध्वनीचे परावर्तन व शोषण यांतील फरक सांगू शकाल;
• लहान खोलीत स्पीकरच्या योग्य जागा ठरवू शकाल;
• एखाद्या कृतीमागील कारण स्वतःच्या शब्दांत लिहू शकाल.

मूळ पाठ

अवधचे नवाब आसफउद्दौला यांनी १७८४ च्या सुमारास, दुष्काळाने गांजलेल्या प्रजेला काम मिळावे म्हणून बडा इमामबाडा बांधावयास घेतला. त्याचे मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच असून मध्ये एकही खांब नाही. मोहरमच्या मजलिशीत एकाच्या मुखातून निघालेले शब्द असंख्य श्रोत्यांनी ऐकावेत, अशी ही जागा. दालनाच्या एका टोकाला कागद फाडला किंवा आगकाडी ओढली, तरी तो बारीक आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. वाटाडे आजही हा प्रयोग करून दाखवतात. कठीण, गुळगुळीत भिंती आणि कमानदार छत ध्वनीला गिळत नाहीत, परत पाठवतात. यालाच ध्वनीचे परावर्तन म्हणतात. गादी, जाड पडदा, सतरंजी यांसारख्या मऊ वस्तू मात्र ध्वनीचा काही भाग सामावून घेतात. हे ध्वनीचे शोषण होय.

इमामबाड्यातून बाहेर पडून चौकातील गल्ल्यांत शिरले की चित्र पालटते. तेथे घराला घर लागून आहे. चौकातील गल्ली असो, गिरगावातील चाळ असो वा पुण्यातील पेठ असो, बैठकीची खोली बहुधा लहानच. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट. अशा खोलीत एखादे कुटुंब पैसे साठवून होम थिएटरचा संच आणते. त्याला ‘५.१’ असे म्हणतात. समोर डावा, उजवा व मधला असे तीन, श्रोत्याच्या दोन बाजूंना दोन सराउंड स्पीकर, आणि खर्जातील आवाजासाठी एक निराळा मोठा स्पीकर, असे हे पाच अधिक एक. मधल्या स्पीकरमधून मुख्यतः संवाद येतात. सराउंड स्पीकरमधून पाऊस, वारा, गर्दी असा भोवतालचा आवाज येतो.

संच नवा, तरीही कोचाच्या टोकाला बसलेल्या आजींना संवाद कळत नाहीत! दोष संचाचा असतो की कानांचा? पुष्कळदा तो दोहोंचाही नसतो. तो जागेचा असतो.

ध्वनी एक मीटर अंतर सुमारे ३ सहस्रांश सेकंदांत कापतो. इमामबाड्याचे दालन पार करण्यास त्याला जवळजवळ दीड दशांश सेकंद लागतो. १२ फुटांची खोली तो एका सेकंदाच्या शंभराव्या भागात ओलांडतो. म्हणून लहान खोलीत प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही. तो मूळ आवाजात मिसळून त्याची स्पष्टता बिघडवतो. शिवाय एकच आवाज दोन दिशांनी आला, तर आधी पोहोचलेल्या आवाजाची दिशा कान खरी मानतो. आजींच्या कानापासून सराउंड स्पीकर दोनच फुटांवर आणि संवादांचा स्पीकर नऊ फुटांवर असेल, तर जवळचा पाऊस दूरच्या संवादाला झाकून टाकणारच.

मग जागा ठरवावी कशी? घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. श्रोता मध्यभागी आहे आणि पडदा बारा वाजण्याच्या दिशेला आहे. समोरचे दोन स्पीकर अकरा व एक या अंकांच्या दिशेला हवेत. सराउंड स्पीकर तीन व चार यांच्या मध्ये, चाराकडे थोडे झुकलेले, आणि तसेच दुसऱ्या बाजूला आठ व नऊ यांच्या मध्ये असावेत. म्हणजेच कानांच्या रेषेपेक्षा किंचित मागे.

परंतु लहान खोलीत कोच मागच्या भिंतीला टेकलेला असतो. तो फूट-दीड फूट पुढे ओढता आला, तर उत्तमच. न जमल्यास सराउंड स्पीकर बाजूच्या भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या कानांपेक्षा सुमारे दोन फूट उंच लावावेत. त्यांचे तोंड जवळच्या कानाकडे न वळवता समोरच्या भिंतीकडे, डोक्यांवरून जाईल असे ठेवावे. उंचीमुळे अंतर वाढते आणि टोकाला बसलेल्यावर आवाजाचा मारा होत नाही. एका बाजूला दार आले, तर तेथील स्पीकर स्टँडवर ठेवावा. दोन्हींची उंची मात्र सारखी राखावी. अनेक संचांत प्रत्येक स्पीकरचे अंतर नोंदवण्याची सोय असते. तेथे टेपने मोजलेले खरे अंतर भरावे, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज संच आपोआप किंचित थांबवून सोडतो.

खर्जाच्या स्पीकरची गोष्ट निराळी. अतिशय खालच्या स्वराची दिशा कानाला नीट कळत नाही, म्हणून त्याच्या जागेचे बंधन कमी असते. कोपऱ्यात ठेवला की तो घुमतो आणि सामाईक भिंतीतून शेजाऱ्याच्या घरात पोहोचतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. नियमापलीकडे शेजारधर्मही आहेच. स्पीकर सामाईक भिंतीपासून दूर ठेवावा आणि रात्री त्याचा आवाज उतरवावा.

शेवटी दोन साध्या कसोट्या. रिकाम्या खोलीत टाळी वाजवावी. मागोमाग झणझणीत आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींपैकी एकीवर जाड पडदा लावावा किंवा पुस्तकांचे कपाट ठेवावे. आणि भिंतीला भोक पाडण्यापूर्वी स्पीकर स्टुलांवर ठेवून चित्रपटातील एखादा संवादाचा प्रसंग ऐकावा. ऐकताना मधल्या जागेवर न बसता कोचाच्या टोकाला बसावे. घरातील सर्वांत गैरसोयीच्या जागी बसलेल्या माणसाला शब्द स्पष्ट कळले, की मांडणी साधली असे समजावे.

शब्दार्थ

मजलिस – धार्मिक कथनाची सभा. खर्ज – खालचा, गंभीर स्वर. सहस्रांश – हजारावा भाग. सामाईक – दोघांच्या मालकीचा.

पाठगत प्रश्न

१. बडा इमामबाडा बांधण्यामागील हेतू कोणता होता?
२. कोचाच्या टोकाला बसलेल्या व्यक्तीला संवाद कळत नाहीत, याचे कारण सांगा.
३. चूक की बरोबर ते लिहा : लहान खोलीत प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो.

स्वाध्याय

१. ‘दोष जागेचा असतो’ हे विधान आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
२. आपल्या घरातील खोलीचा आराखडा काढून पाच स्पीकरांच्या जागा दाखवा व प्रत्येक जागेचे कारण एका वाक्यात लिहा.
३. रात्री मोठ्या आवाजात चित्रपट लावणाऱ्या शेजाऱ्यांना विनंती करणारे सौजन्यपूर्ण पत्र लिहा.