जुने सागवानी सामान : दुरुस्ती आणि पुनर्वापर

पुणे, नाशिक, सातारा, वाई यांसारख्या जुन्या गावांतून वाडे उतरविण्याचे काम गेली अनेक वर्षे चालू आहे. वाड्याच्या जागी सदनिका उभ्या राहतात आणि त्यांच्या आटोपशीर खोल्यांत आजोबांच्या वेळचे कपाट, पलंग, घडवंची किंवा झोपाळ्याची फळी यांना जागा उरत नाही. शहरात हे सामान भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते, खेड्यात पुष्कळदा बंबात. त्या लाकडाचे मोल व्यवहारातील दोघांपैकी बहुधा एकालाच, म्हणजे विकत घेणाऱ्यालाच, ठाऊक असते.

सागाची लागवड शासकीय वनांत तोडीस येण्यास साधारणतः ६० ते ८० वर्षे लागतात. वयात आलेल्या सागाच्या खोडातील गडद मध्यकाष्ठात नैसर्गिक तेल व वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात. म्हणूनच शंभर पावसाळे पाहिलेली फळी आजही तासली तर आत ताजी निघते. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथून २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान पाठविण्यात आले, तेव्हा या लाकडाच्या योग्यतेची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. त्याच जातीचे लाकूड घरोघरच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले आहे, याची चर्चा मात्र सहसा होत नाही. जुने कपाट विकून त्या जागी आणले जाणारे नवे कपाट बहुधा लाकडाचा भुसा व कृत्रिम राळ दाबून केलेल्या फळ्यांचे असते. कोकणच्या दमट हवेत किंवा ओल धरणाऱ्या भिंतीलगत अशी फळी फुगते, आणि बिजागरीचा स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा घट्ट धरत नाही.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी सामानाची तपासणी करावी. ते उलटे करून मागील व तळाची बाजू पाहिली असता लाकडाची खरी ओळख पटते. खोडाचा बाहेरचा फिकट भाग, ज्याला रसकाष्ठ म्हणतात, तो सागातही किडीला बळी पडतो. बारीक छिद्रे दिसली व त्यांतून पिठासारखी भुकटी ताजी पडत असली, तर कीड जिवंत आहे असे समजावे. टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण उघड्या लाकडाला पाजणे हा त्यावरील चांगला उपाय होय. पॉलिश असलेल्या पृष्ठभागातून ते आत मुरत नाही. वाळवीची गोष्ट निराळी. ती बहुधा जमिनीतून किंवा भिंतीतून येते, तेव्हा कपाट दुरुस्त करून पुन्हा त्याच ओल्या कोपऱ्यात ठेवण्यात अर्थ नाही.

जुन्या कारागिरांचे खरे कसब सांध्यांत आहे. कूस आणि खाच एकमेकांत बसवून, सरस लावून व बांबूची खुंटी ठोकून सांधा पक्का केला जाई. सरस हा जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक असून तो ऊब व ओलावा मिळताच मऊ पडतो. खुर्चीचा पाय डगमगू लागला की गरम पाण्यात पिळलेले फडके सांध्यावर धरून, खुंटी काढून, सांधा अलगद सोडविता येतो व जुना सरस खरवडून पुन्हा जोडता येतो. सामान पुढेमागे दुरुस्त करावे लागणार, हे गृहीत धरूनच ते घडविलेले असे. आज मात्र डगमगत्या पायात दोन खिळे ठोकून काम संपविण्याची पद्धत पडली आहे. खिळा गंजतो, भोक मोठे होते आणि कूस चिरते. चांगल्या खुर्च्यांचा शेवट वापराने होण्यापेक्षा अशा दुरुस्तीनेच अधिक होतो. कूस आकसली असेल तर तिच्यावर सागाची पातळ कपची चिकटवून ती भरून घ्यावी. बाजारातील पांढरा डिंक मजबूत खरा, पण तो वाळल्यावर सांधा सहजासहजी सुटत नाही, म्हणून जुन्या सांध्यांना सरसच बरा.

खण अडकतो म्हणून ऐन श्रावणात त्याला रंधा मारणे हीही नेहमीची चूक. पावसाळ्यात फुगलेले लाकूड हिवाळ्यात आपोआप आकसते, आणि तासलेला खण मग खडखडू लागतो. तोवर कडांना मेणबत्ती घासावी.

सरसकट घासकागद मारून सारे पॉलिश उतरविण्याची घाई करू नये. आडबाजूस स्पिरिटचा बोळा फिरवून पाहावा. थर चिकट झाला तर ते चपडा लाखेचे पॉलिश आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळत असल्याने नवा हात जुन्या थरात मिसळून जातो, आणि नुसते धुऊनपुसून दोन-तीन हात दिले तरी लाकूड उजळते. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावे. पावसाळ्यात लाखेच्या थरात ओलावा अडकून तो पांढुरका पडतो. गरम भांडी ठेवावयाच्या मेजासाठी मात्र लाख उपयोगी नाही.

तैलरंग दिलेल्या सामानाबाबत विशेष सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम केंद्र शासनाने २०१६ मध्ये केला व तो नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे पुष्कळ असू शकते. असा रंग कोरडा घासला तर ते धुळीवाटे श्वासात व अन्नात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस त्यापासून अपाय होतो. पाळणे, मुलांच्या खुर्च्या, शाळेतील बाके यांचा रंग पाणी लावून, नाकातोंडावर योग्य मास्क बांधून, मुले नसतील तेथे काढावा आणि निघालेला गाळ मातीत न टाकता गोळा करावा. घरच्या अंगणात हे काम मुलांच्या मदतीने करण्याची हौस टाळलेली बरी.

दुरुस्ती शक्य नसेल तेव्हाच रूपांतराचा विचार करावा. धड दाराची फळी कापून चहाचे मेज बनविणे दिसायला आकर्षक असते. परंतु धड दार हे दार म्हणूनच अधिक उपयोगी पडते. याउलट, पाय गेलेल्या पलंगाच्या पाट्यांपासून बाक, मोडक्या कपाटाच्या फळ्यांपासून पुस्तकांची मांडणी, झोपाळ्याच्या फळीपासून लिहिण्याचे मेज अशी रूपांतरे लाकडाचा फारसा नाश न करता होतात. कापण्यापूर्वी लपलेले खिळे शोधून काढावेत, अन्यथा करवतीचे दात जातात. वेताची बैठक फाटलेली आरामखुर्ची तर रूपांतराविना पूर्ववत होते. खुर्च्या विणण्याचे हे काम अंध व्यक्तींच्या प्रशिक्षणात पूर्वापार शिकविले जात आले आहे, आणि असे कारागीर जवळपास असतील तर त्यांनाच ते द्यावे.

कोरीव दारे, खांब वा देव्हारे विकण्यापूर्वी त्यांच्या वयाची चौकशी करावी. १९७२ च्या पुरावशेषविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते व खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही. शाळा आणि ग्रामपंचायती यांचे लाकडी सामान ही सार्वजनिक मालमत्ता असल्याने ते निर्लेखनासाठी काढण्यापूर्वी त्यातील किती नग गावच्या सुताराकडून दुरुस्त होतील, हे त्यालाच बोलावून पाहून घ्यावे. त्याचा अंदाज जडवस्तू संग्रह नोंदवहीतील प्रत्येक नगासमोर लिहून ठेवला, तर निर्णय घेणाऱ्यांपुढे लिलावाच्या अपेक्षित रकमेबरोबर दुरुस्तीचा खर्चही येईल.