फोन टॅपिंगचा कायदा सैल झाला तर?

प्रश्न : टॅपिंगचे नियम सैल केले तर गुन्हेगार लवकर सापडतील. सामान्य माणसाचं काय बिघडतं? – एक वाचक, अकोला

उत्तर : बिघडतं ते लगेच दिसत नाही, एवढंच. अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू यांचा फोन 2016-17मध्ये ‘निजामुद्दीन बाबू शेख’ या नावाखाली, अमली पदार्थांच्या तपासाचं कारण दाखवून ऐकला गेला, असा आरोप झाला. या टॅपिंगबद्दल गुन्हा नोंदला गेला. सप्टेंबर 2023मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे कोणावर दोष शाबीत झाला नाही. पण टॅपिंगच्या प्रस्तावातल्या नावाचा माणूस खरा आहे की नाही हे मंजुरीच्या टेबलावर कोण तपासतं, हा प्रश्न उरलाच. आमदाराला निदान विधानसभा आहे. परतवाड्याच्या अडत्याला काय आहे?

नियमांमुळे तपास लांबतो, हा आक्षेप खरा. पण तातडीची सोय कायद्यात आहेच. केंद्राच्या डिसेंबर 2024च्या नियमांनुसार तातडीच्या आदेशाला सात कामकाजी दिवसांत सक्षम अधिकाऱ्याची पुष्टी लागते. आणखी सैल करायचं म्हणजे चाळणीच काढायची. ‘लाचखोरीच्या तपासासाठी’ केलेले टॅपिंगचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2019मध्ये रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. सैलपणा असा तपासावरच उलटतो. आपल्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, 1999पासून, टॅपिंगचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले याचा वार्षिक अहवाल विधिमंडळात ठेवण्याची तरतूद आहे. कायदा बदलण्याआधी तुमच्या आमदाराकडे तो अहवाल मागा.