लेखनसाधन आणि लिपी : खिशातील यंत्राचा धडा

उद्दिष्ट : या पाठाच्या अभ्यासानंतर लेखनसाधन व वाचक यांचा लिपीवर होणारा परिणाम तुम्हाला सोदाहरण स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक : लिपी स्थिर असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लेखनाची गरज बदलली की अक्षरांची वळणेही बदलतात. मोडीत ओळभर शिरोरेषा आधीच आखून, हात शक्यतो न उचलता लिहीत. मात्र मोडीचा वाचक माणूसच होता. वाचक यंत्र असेल तर काय घडते?

विवेचन : पत्ते, दूरध्वनी क्रमांक व भेटींच्या वेळा नोंदवण्यासाठी आपल्याकडे ‘डिजिटल डायरी’ परिचित होती. तिला बटणे असत. पुढील पिढीच्या यंत्रांत पडद्यावर लेखणीने लिहिता येऊ लागले. १९९३ साली ॲपल कंपनीने ‘न्यूटन मेसेजपॅड’ आणले. माणसाने नेहमीसारखे लिहावे आणि यंत्राने ते वाचावे, ही त्यामागील भूमिका होती. परंतु आरंभीच्या यंत्रांचे वाचन इतके चुके की ते थट्टेचा विषय झाले.

१९९६ साली जेफ हॉकिन्स यांच्या पाम कंपनीचे ‘पायलट’ आले. त्यातील ‘ग्राफिटी’ या लेखनपद्धतीने उलट मार्ग धरला. येथे माणसानेच अक्षरे बदलायची होती. बहुतेक रोमन अक्षरे एकाच रेघेत बसवली होती. ‘ए’ची आडवी रेघ गळाली व केवळ कोन उरला. लोक ही वळणे शिकले आणि यंत्र यशस्वी झाले. २००७ मध्ये आयफोन आल्यानंतर बोटाने वापरायच्या पडद्यावरील कळफलक रूढ झाला. डायरी स्मार्टफोनमध्ये सामावली आणि ‘ग्राफिटी’ मागे पडली.

यंत्रासाठी स्वतःला बदलण्याची माणसाची तयारी मात्र टिकून आहे. सोय म्हणून अनेक जण मराठी संदेश रोमन अक्षरांत लिहितात. ‘के, ए, एल’ ही तीन अक्षरे ‘काल’, ‘काळ’, ‘कल’ आणि ‘कळ’ अशी चार प्रकारे वाचता येतात. ‘ग्राफिटी’त अक्षराचा केवळ आकार बदलला होता, येथे ‘ल’ आणि ‘ळ’, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ स्वर यांतील अर्थभेदक फरकच लेखनातून नाहीसा होतो.

सारांश : लिपीतील प्रत्येक सोयीची काही किंमत असते. तडजोड वळणाची आहे की अर्थभेदाची, हे अभ्यासकाने तपासावे.

स्वाध्याय : रोमन अक्षरांत लिहिलेले पाच मराठी संदेश घेऊन त्यांतील संदिग्ध शब्दांची कारणांसह नोंद करा.