पहिली नोंद करायच्या आधी

अगं, बचत गटाचा हिशेब आता तुझ्याकडे आला म्हणे, लॅपटॉपसकट. छान झालं. पण एक्सेल उघडून पहिली नोंद करायच्या आधी माझं जरा ऐक.

विंडोज इंग्रजीतच राहू दे, तुला त्याचीच सवय आहे. फक्त त्या इंग्रजीसोबत अमेरिका आली आहे का, ते बघ. मशीन सुरू करून देणारा पुष्कळदा यादीतल्या पहिल्याच ‘इंग्लिश, युनायटेड स्टेट्स’वर बोट ठेवून मोकळा होतो. मग तारीख, आकड्यांतले स्वल्पविराम, कागदाचं माप, सगळं तिकडचं. कधी कधी तर घड्याळही कॅलिफोर्नियाचं! तू बसलीस साखऱ्यात, पण भाषेवरून गाव ठरवायची खोड यंत्राला असतेच.

घड्याळ चुकलं तर लगेच कळतं. कागदाचंही कळतं, कारण अमेरिकी ‘लेटर’ कागद आपल्या ए-फोरपेक्षा रुंद आणि आखूड, त्यामुळे छापताना कड कापली जाते. तारखेचं मात्र काहीच कळत नाही, आणि मला धास्ती तिचीच आहे. समज, एका मावशीचा ५ एप्रिल २०२५ चा हप्ता तू ५/४/२०२५ असा टाकलास. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून एक्सेलनं तो ४ मे धरला. पडद्यावर दिसतंय तू लिहिलंस तेच! पण आत तारीख नसते, दिवसांचा क्रमांक असतो. ५ एप्रिलचा ४५७५२, ४ मेचा ४५७८१. मावशीनं वेळेवर भरलेले पैसे हिशेबात २९ दिवस उशिरा आले. दंडाचं सूत्र घातलं असशील तर दंडही बसला. आता बैठकीत तिची समजूत कोण काढणार?

१५ एप्रिलची नोंद केलीस की वेगळीच गंमत. पंधरावा महिना नसतोच, म्हणून एक्सेल तिला तारीख मानत नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतं. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या तारखा रकान्यात उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे राहतो. एकाच रकान्यात काही इकडे, काही तिकडे दिसल्या की तिथंच थांब.

आणि नंतर सेटिंग बदललं म्हणजे जुन्या नोंदी आपोआप सुधारतील, असं समजू नकोस. क्रमांक तोच राहतो, फक्त तीच चूक आपल्याकडच्या पद्धतीनं दिसायला लागते. मग रजिस्टर घेऊन एकेक ओळ ताडून बघणं आलं. म्हणून म्हणते, आधीच कर. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन. तिथं देश इंडिया कर आणि खालचं रीजनल फॉरमॅट इंग्लिश-इंडिया कर. नुसता देश बदलून उठू नकोस, दोन्ही बघ. भाषेला हात लावायची गरजच नाही. एक्सेल बंद करून पुन्हा उघड. मग साडेबारा लाखांतला पहिला स्वल्पविराम बारानंतर पडेल, बाराशे पन्नास हजार असं वाचत बसावं लागणार नाही. गुगल शीट्सचं मात्र निराळं, तिथं लोकेल, म्हणजे कुठल्या देशाची पद्धत ते, प्रत्येक फाइलचं वेगळं असतं. सेनगावहून कुणी फाइल पाठवली तर तिच्या सेटिंग्जमध्ये एकदा डोकावून बघ.

तुला येत नाही म्हणून हे होतं, असं मनात आणू नकोस गं. एक्सेल ‘मार्च-१’सारखी जनुकांची नावं तारखा समजून बदलायचं. शेवटी २०२० साली शास्त्रज्ञांनी एक्सेलपुढे हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली!

आईच्या फोनवर मराठी ठेवलीस ते बरं केलंस. युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या भांडारात प्रत्येक भाषेच्या अशा सवयी नोंदवलेल्या असतात. त्यात मराठीसाठी देवनागरी अंक ठरलेले आहेत, हिंदीसाठी मात्र इंग्रजी अंक. म्हणून मराठी केल्यावर बऱ्याच अ‍ॅपमध्ये तारीख देवनागरीत दिसते. आईला वाचायला ते सोपंच. फक्त तिच्या फोनवरून उचललेला आकडा एखाद्या ऑनलाइन अर्जात चिकटवलास आणि अर्जानं नाकारला, तर घाबरू नकोस, तोच आकडा इंग्रजी अंकांत टाइप कर.

कुणी जर्मनीतून आकडे पाठवले तर दुप्पट सावध राहा. तिकडे टिंब आणि स्वल्पविराम यांची अदलाबदल असते. त्यांचं १.२५० म्हणजे बाराशे पन्नास, सव्वा नव्हे. हळदीचा भाव असा वाचलास तर काय होईल ते तूच बघ. फोन करून विचार आणि मगच भर.

आणि जी फाइल दुसऱ्याच्या मशीनवर जाणार असेल, तिच्यात तारीख २०२५-०४-०५ अशी टाकत जा, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. टंकताना अर्थात इंग्रजी अंकांत. कुठलंही सेटिंग असलं तरी एक्सेल ती ५ एप्रिलच समजतं. गटातल्या बायकांना विचित्र वाटेल, वाटू दे. त्यांच्यासाठी छापायच्या प्रतीत रकान्याचं फॉरमॅट बदलून दिवस आधी आणता येतो.